अंतिम सामन्याआधीचे तीन आठवडे : सोलापुरातल्या नव्या खो-खो प्रशिक्षकांसाठी

संघ अंतिम फेरीत पोचला की पहिला मोह होतो तो सराव वाढवण्याचा. सकाळचे दीड तास अडीच होतात, संध्याकाळी पुन्हा शिट्टी वाजते, रविवारची सुट्टीही जाते. पालकही सांगतात, "सर, आता सोडू नका पोरांना, चांगलं घासून घ्या." नेमकं हेच करायचं नाही. तीन आठवड्यांत कुणाचाही वेग वाढत नाही आणि कुणाचा दम दुप्पट होत नाही. जे कमवायचं ते जून-जुलैपासून कमावलेलं असतं. आता वाढवता येतो तो पायांचा ताजेपणा, आणि कमी करता येतात त्या चुका. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

हे लिहिलंय ते यंदा पहिल्यांदाच संघ हातात घेतलेल्यांसाठी. नव्याने रुजू झालेले क्रीडाशिक्षक, खेळणं थांबवून शिकवायला लागलेले जुने गडी, मंडळातले दादा-ताई. शाळेचा संघ जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्याला निघाला असेल, नाहीतर मंडळाचा संघ किशोर, कुमार गटाच्या अजिंक्यपदाला. दोन्हीकडे तयारी जवळपास सारखीच.

आधी कागद

सरावाची आखणी करण्याआधी एक संध्याकाळ कागदपत्रांना द्या. जन्मदाखला, आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा बोनाफाईड, ऑनलाइन नोंदणीची प्रत, फोटो. प्रत्येक खेळाडूचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का, हे बोट ठेवून वाचा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एकाच संघात असतात. आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि रजिस्टरवर दुसरं, असं हमखास सापडतं. अंतिम सामन्याच्या सकाळी प्रतिस्पर्धी संघाने हरकत घेतली तर तुमचा सगळ्यात चांगला पळणारा बाकावर बसेल. आज कळलं तर मुख्याध्यापकांचं पत्र जोडून निस्तरता येतं.

त्याच बैठकीत स्पर्धेचं पत्रक नीट वाचा. सामना मातीवर आहे की मॅटवर? आक्रमणाची वेळ ९ मिनिटं की लहान गटासाठी ७? राखीव किती? बनियनवर नंबर कुठे हवेत? शालेय स्पर्धा असेल तर महापालिका हद्दीतल्या शाळा आणि ग्रामीण भागातल्या शाळा वेगवेगळ्या धरल्या जातात, हेही ध्यानात ठेवा. आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष-महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. मुलांनी तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिलाय. त्यातलं ड्रीम रन (बराच वेळ बाद न होता टिकलेल्या तुकडीला मिळणारे जादा गुण) किंवा अल्टिमेट खो-खो लीगमधला वझीर (कोणत्याही दिशेने पळू शकणारा आक्रमक) त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. तुमच्या पत्रकात ते नसेल तर मुलांना स्पष्ट सांगा की आपण आपल्या नियमांनीच खेळणार आहोत.

सराव कमी करा, वेग नाही

पहिल्या आठवड्यात नेहमीइतका सराव. दुसऱ्या आठवड्यात वेळ साधारण एक तृतीयांश कमी. शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर या. मैदानावर येण्याचे दिवस मात्र तेवढेच ठेवा, आणि जे काही पळायचं ते सामन्याच्याच वेगाने. नवे प्रशिक्षक इथे उलटं करतात. मुलांना दमायला नको म्हणून दोन तास रेंगाळत, अर्ध्या वेगाने पळवतात. त्याने पाय जड होतात आणि अंगातली चपळाई जाते. ५० मिनिटांचा सराव घ्या, पण त्यातली प्रत्येक हुलकावणी खरी हवी.

लांब पल्ल्याची दौड शेवटच्या दहा दिवसांत पूर्ण बंद. खो-खोत गडी पाच-सात मीटर झेपावतो, थांबतो, वळतो, पुन्हा झेपावतो. म्हणून छोट्या धावा, मध्ये पुरती विश्रांती. दंड-बैठकांचे मोठे आकडेही आता नकोत. आणि नवं काहीच शिकवायचं नाही. एखाद्याला उंच सूर अजून जमत नसेल तर तो यंदा जमणार नाही, सोडून द्या. जे निम्म्या वेळा जमतं ते दहातल्या नऊ वेळा जमेल एवढंच बघा.

सरावाची वेळ सामन्याच्या वेळेशी जुळवा. सामना दुपारी बाराला असेल आणि तुम्ही रोज पहाटे सहाला सराव घेत असाल, तर सोलापूरचं ऊन मुलांना त्याच दिवशी पहिल्यांदा लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते सोसवतं, तरी सवय लागते. उन्हाळ्यातल्या निमंत्रित स्पर्धेआधी मात्र भर दुपारचा सराव घेऊ नका. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढ्याच वेळा मुलांसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित असतात.

अंतिम सामना जानेवारीत असेल तर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जमेस धरा. होम मैदान यात्रेत गुंततं. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, आणि शहरभर रात्रीची जागरणं. कितीतरी मुलांच्या घरी नंदीध्वजाचा मान असतो, सेवा असते. त्यांना यात्रेला जाऊ नका म्हणू नका, ते होणार नाही आणि होऊही नये. कोणत्या रात्री कोण जागणार हे आधी विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सरावातून मोकळं करा.

पळतीच्या तीन तुकड्या

माझा सगळ्यात जास्त भर इथे असतो, कारण बरोबरीचे दोन संघ समोरासमोर आले की निकाल पळतीवर, म्हणजे बचावाच्या पाळीवर लागतो.

पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात आणि त्यांचा क्रम आधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो. नवा प्रशिक्षक तिन्ही तगडे गडी पहिल्या तुकडीत घालतो. ते तीन-साडेतीन मिनिटं काढतात आणि मग उरलेले सहा जण पटापट कापले जातात. माझा अनुभव असा की पहिल्या तुकडीत दोन भरवशाचे आणि एक मध्यम ठेवावा. तिसऱ्या तुकडीत एक असा हवा जो घड्याळ बघून घाबरत नाही. सगळ्यात वेगवान गडी हा सगळ्यात शांत असतोच असं नाही. सरावाच्या सामन्यांत प्रत्येकाची पळतीची वेळ सेकंदांसह वहीत लिहा. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की कुणाला कुठे घालायचं हे त्या वहीतच दिसतं. नात्यागोत्यातून, पालकांच्या आग्रहातून होणारी भांडणंही वही मिटवते.

कोण कोणती साखळी पळतो हेही लिहून ठेवा. एकेरी साखळीत (बसलेल्या एकेका गड्याला वळसा घालत नागमोडी पळणं) तरबेज असलेला गडी दुहेरी साखळीत (दोन-दोन गड्यांना वळसा) गोंधळतो, आणि रिंगमध्ये, म्हणजे गोल फिरत राहून आक्रमकाला झुलवत ठेवणारा खांबाजवळ अडकतो. एका तुकडीत तिघेही एकाच पद्धतीचे असले तर चांगला आक्रमक दोन मिनिटांत त्यांची लय ओळखतो. वेगवेगळ्या पद्धतीचे एकत्र बांधा. आक्रमण अंगावर नसलेल्या दोघांनी नुसतं उभं राहून बघायचं नसतं. जिथे खो मिळणार आहे तिथून लांबच्या बाजूला सरकत राहायचं. हे शब्दांत सांगून कळत नाही. त्यांच्यामागे उभं राहून, "आता सरक, आता सरक" असं बोलत घ्यावं लागतं.

आता तुकडीचा प्रवेश. पहिल्या तुकडीचा तिसरा गडी बाद झाला की पुढच्या तिघांना क्षणात आत यावं लागतं. उशीर झाला तर स्पर्श न होताच गडी बाद. सामन्यात काय होतं बघा. तिसरा गडी बाद होतो, पंचांची शिट्टी वाजते, प्रेक्षक ओरडतात. बाहेर बसलेल्या तिघांतला एक बुटाची नाडी बांधत असतो, दुसरा बाद झालेल्याच्या पाठीवर थाप मारायला उठतो, तिसरा एकटाच आत शिरतो आणि समोर आलेल्या आक्रमकाच्या हातात सापडतो. हे टाळायला रोज दहा मिनिटं फक्त प्रवेशाची ठेवा. तुकडी बाहेर तयार उभी, नाड्या बांधलेल्या, नजर आक्रमकाच्या तोंडाच्या दिशेवर. आत शिरायचं ते आक्रमक ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने, आणि तिघांनी तीन ठिकाणी पसरून. शिट्टी तुम्ही अवचित वाजवा. कधी दहा सेकंदांत, कधी दोन मिनिटांनी. आठवड्याभरात मुलांचं अंग आपोआप वळायला लागतं.

आक्रमणात फाऊल मोजा

आक्रमणाच्या सरावात एकाला कडेला बसवून फक्त फाऊल मोजायला लावा. मध्यपाटीला (दोन खांबांमधल्या, बसलेल्यांच्या पट्टीला) पाय लागला, खो मिळण्याआधीच उठला, "खो" न म्हणताच पाठीला हात लावला, निघालेली दिशा बदलली, खांदा फिरवला. प्रत्येक फाऊलमागे कुणाचं नाव, तेही लिहा. फाऊल झाला की आक्रमकाला उलटं फिरावं लागतं आणि हातात आलेला पळणारा सुटतो. फाऊल करून बाद केलेला गडी तर बाद धरलाच जात नाही. अंतिम सामन्यात दोन-तीन गड्यांचा फरक असतो, आणि तेवढे गडी संघ फाऊलमध्येच घालवतो.

बसलेल्यांकडे दुर्लक्ष होतं. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून चौकोनात बसलेले असतात, आणि खरा वेग त्यांच्या उठण्यात असतो. पुढचं पाऊल कोणतं टाकायचं हे खो मिळण्याआधी ठरलेलं हवं, अंग मात्र हलता कामा नये. खो मोठ्याने द्या. गर्दीत, हलग्या वाजत असताना, पुटपुटलेला खो ना पंचांना ऐकू जातो ना बसलेल्याला. शेवटच्या आठवड्यात शाळेतली शे-दीडशे मुलं मैदानाभोवती ओरडायला उभी करून एक सराव सामना घ्या.

खांबाजवळच्या दोन्ही चौकोनांत तुमचे सगळ्यात लांब हाताचे, न कचरणारे गडी बसवा. खांबाला हात घालून सूर मारणाऱ्यांचा सराव मात्र शेवटच्या चार दिवसांत निम्म्याहून कमी करा. कोपर, मांडी, कंबर इथलं खरचटणं तेवढ्यात भरून येतं.

बरोबरी झाली तर

दोन्ही डावांनंतर गुण समान राहिले की अलाहिदा (जादा) डाव, आणि तिथेही बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण. म्हणजे कोणता संघ कमी वेळात पहिला गडी बाद करतो त्यावर निकाल. गंमत अशी की ज्यावर आख्खा हंगाम ठरू शकतो त्याचा सराव बहुतेक संघ कधीच करत नाहीत. आठवड्यातून दोनदा, सराव संपताना, मुलं दमलेली असताना हा प्रकार घ्या. हातात घड्याळ, पळणारे तिघे, आक्रमक नऊ. पहिला गडी बाद होताच थांबवा आणि वेळ मोठ्याने सांगा. मग बाजू बदला. यासाठी पळणारे तिघे आणि पहिला आक्रमक कोण, हे आधी ठरवून ठेवा, म्हणजे त्या क्षणी बाजूला उभं राहून वाद होणार नाहीत.

नाणेफेक जिंकली तर काय घ्यायचं, तेही आत्ताच ठरवा. मला पहिली पळती घेणं आवडतं. शेवटची पाळी आक्रमणाची येते आणि किती गडी हवेत हे डोळ्यांसमोर असतं. पण तुमचा संघ पाठलागाच्या दडपणाखाली फाऊल करत असेल तर उलटं करा. वही काय सांगते ते बघा.

माती आणि मॅट

आपल्याकडे बहुतेक सराव मातीवर. मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा, सकाळी दाबून घ्या, खडे वेचा, मग फक्की टाका. सुक्या, धूळ उडणाऱ्या मैदानावर घोटे मुरगळतात. सामना मॅटवर असेल तर मिळेल तिथे मॅटवर निदान दोन-तीन सराव घ्या. मॅटवर पाय घसरत नाही, उलट अडकतो. मातीत सरकत थांबायची सवय असलेल्या मुलाचा गुडघा तिथे पिळवटतो. सूर मारल्यावर कातडीही जास्त सोलते. बूट नवे घ्यायचे असतील तर पहिल्याच आठवड्यात घ्या. सामन्याच्या दिवशी कोरे बूट घातले तर टाचेला फोड ठरलेला.

जेवण, पाणी, झोप

कुणीतरी सांगतं म्हणून मुलांचा आहार एकदम बदलू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा मटकीची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी, भात. सोलापूरच्या घरातलं हे जेवण खेळाडूला पुरेसं आहे, फक्त पोटभर आणि वेळेवर हवं. सामन्याच्या आदल्या रात्री तिखट-तेलकट कमी करा, आणि शहरात मुक्कामाला आलेल्या मुलांना खाण्याच्या गाड्यांच्या चौपाटीवर मोकळं सोडू नका. सामन्याआधी तीन तास भाकरी किंवा पोळी-भाजी नाहीतर वरण-भात. एक तास आधी केळं किंवा छोटा शेंगदाणा-गुळाचा लाडू. त्यानंतर फक्त पाणी.

पाण्याचा साधा हिशेब. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी घामातून गेलंय, ते पुढच्या काही तासांत भरून काढायचं. लघवी गडद पिवळी असेल तर मूल तहानलेलंच आहे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासात घालून देऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या मुलांपासून लांब ठेवा.

झोप किमान आठ तास, वाढत्या मुलांना नऊसुद्धा लागते. मोबाईल रात्री नऊनंतर आईकडे. इथे आईची मदत लागते, म्हणून घरी जाऊन भेटा. शहराच्या पूर्व भागात कितीतरी मुलींच्या आया दिवसभर विड्या वळतात, वडील यंत्रमागावर, आणि सरावातून घरी आलेली मुलगी धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, विड्यांनाही हात लावते. त्या माउलीला "तीन आठवडे तिला रात्री लवकर झोपू द्या, ताई" एवढंच शांतपणे सांगा. शिक्षक घरी येऊन बोलले की घर मुलीच्या खेळाकडे वेगळ्या नजरेने बघतं.

मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका किंवा एखादी ताई हवीच. पाळीच्या तारखा तिला माहीत असाव्यात, पिशवीत पॅड असावेत, आणि त्या दिवसांत खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवावं. एखादी नेहमीपेक्षा लवकर धापा टाकत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, तेही विचारा.

दुखापत

घोटा मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंचावर. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. कुणीतरी तेल घेऊन येतंच, त्याला नम्रपणे थांबवा. परत खेळवण्याआधी त्याच पायावर दहा उड्या आणि पूर्ण वेगाने नागमोडी धाव, दोन्ही न दुखता जमायला हवं. सूर मारताना खरचटलं तर स्वच्छ पाण्याने माती पूर्ण धुऊन काढा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारा.

खांबावर डोकं आपटलं तर एकच नियम. त्या दिवशी तो मुलगा पुन्हा मैदानात उतरत नाही, मग अंतिम सामना असो वा काही असो. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर थेट सिव्हिलला न्या. पालक, मुख्याध्यापक, मुलगा स्वतः, कुणीही आग्रह धरला तरी तुम्ही ठाम राहा.

सामन्याचा दिवस

आदल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं अंग मोकळं करा, दोन-तीन प्रवेश घ्या आणि घरी पाठवा. करमाळा, सांगोला, अक्कलकोट अशा तालुक्यांतून येणार असाल आणि सामना सकाळचा असेल, तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नका. रात्री मुक्कामाला या, किंवा गाडी ठरवा. मैदानावर दीड तास आधी पोचा. मुलांना मैदानात चालायला लावा, ऊन कुठल्या बाजूने येतं, कुठे भुसभुशीत आहे, खांब किती घट्ट रोवलाय ते त्यांनी स्वतः बघावं.

सामन्याआधी मोठं भाषण नको. कपडे बदलताना एकेकाला एकच गोष्ट सांगा, तीही काय करायचं ती. "मध्यपाटीला पाय लावू नकोस" म्हटलं की त्याच्या डोक्यात मध्यपाटीच राहते. "पाऊल बाहेर टाक" म्हणा. दोन पाळ्यांच्या मध्ये आधी पाणी, मग सावली, मग बोलणं, आणि बोलायचं ते तुम्ही एकट्यानेच. पंचांशी वाद तुमचा, तोही नियमाच्या चौकटीत. मुलांनी पंचांकडे बघून हातवारे करायचे नाहीत, हे आदल्या दिवशीच बजावून ठेवा. राखीव मुलांना काम द्या. एक घड्याळ लावेल, एक फाऊल लिहील, एक पुढच्या तुकडीला "तयार" म्हणून हाक देईल. बाकावर बसलेल्या मुलालाही आपण या सामन्यात आहोत असं वाटलं पाहिजे. पुढच्या वर्षी तुमचा संघ त्यांच्यातूनच उभा राहणार आहे.

निकालानंतर

हरलात तर त्याच जागी चुका काढत बसू नका. मुलांना जेवू घाला, घरी पोचवा. दोन दिवसांनी वही उघडा. जिंकलात तर पूर्ण दोन दिवस विश्रांती, आणि त्याच संध्याकाळी समोरच्या संघाबद्दल जे आठवतंय ते लिहून काढा. शालेय स्पर्धेत पुढे विभागाला पुणे आणि अहिल्यानगरच्या संघांशी गाठ पडते, तिथे या नोंदी उपयोगी येतात.

मैदान सोडण्याआधी प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि क्रमांक तिथेच उभं राहून तपासा, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. दहावी-बारावीला क्रीडागुणांचा प्रस्ताव पाठवताना हेच प्रमाणपत्र लागतं. शाळेच्या फाईलला झेरॉक्स लावा, आणि मूळ प्रमाणपत्र व जन्मदाखला पालकांच्या हातात देऊन वहीत सही घ्या.